मोसंबी-संत्र्यावरचा पिठ्या ढेकूण: भुंगेरे सोडण्याआधी मुंग्या अडवा

दोन फळे एकमेकांना टेकलेली असतात तिथे, किंवा देठाच्या टोपीखाली, नखाने उकरून पाहा. कापसाचा बोळा निघाला, तर तो पिठ्या ढेकणाच्या, म्हणजे रस शोषणाऱ्या पांढऱ्या मेणचट किडीच्या मादीचा अंडीपुंज. एका पुंजक्यात साधारण ३०० ते ६०० अंडी असतात. अंगावर मेणचट पावडर आणि राहायला असल्या सांदीकोपऱ्यातल्या जागा, त्यामुळे फवारलेले औषध बहुतेक वेळा किडीपर्यंत पोचतच नाही. त्या सांदीत स्वतः शिरून खाणारा कीटक म्हणजे क्रिप्टोलेमस माँट्रोझायरी हा भुंगेरा. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ साली कॉफीवरच्या खवले किडीसाठी भारतात आणला गेला. तिथे त्याने फारसे काही केले नाही, पण पिठ्या ढेकणावर मात्र चांगला लागू पडला.

नुसते भुंगेरे विकत आणून सोडले की काम झाले, असे समजू नका. सोडणे हे शेवटचे काम आहे. त्याआधी तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, मुंग्या. ढेकूण चिकट गोड द्रव सोडतो, त्यावर काळी बुरशी चढते आणि मुंग्या पोसतात. बदल्यात मुंग्या ढेकणाची राखण करतात. भुंगेऱ्याला चावतात, त्याची अंडी आणि अळ्या उचलून नेतात. म्हणून जमिनीला टेकलेल्या फांद्या दीड-दोन फूट वर छाटा, आळ्यातले उंच तण काढा, वारुळे मोडा. खोडावर बोर्डो पेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप) लावली असेल तर ती वाळू द्या. मग चार-पाच इंच रुंद प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळून तिच्यावर चिकट पदार्थ लावा. ग्रीस सालीवर थेट फासू नका, साल करपते. पट्टीखाली फट राहिली तर मुंग्या तिथूनच जातात. धूळ बसली की चिकटपणा संपतो, म्हणून दर १०-१५ दिवसांनी पुन्हा लावा. हमखास राहून जाणारी गोष्ट म्हणजे फांद्यांना दिलेले बांबूचे टेकू. खोडाला पट्टी आणि टेकू मोकळा, म्हणजे मुंग्यांना आयता जिना. प्रत्येक टेकूलाही पट्टी हवी.

दुसरी, औषधे. सायला किंवा नागअळी या दुसऱ्या किडींसाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइड, ऑर्गॅनोफॉस्फेट किंवा इमिडाक्लोप्रिड यांपैकी कीटकनाशक फवारले असेल, तर भुंगेरे सोडायला तीन-चार आठवडे थांबा. बुप्रोफेझिन हे कीटकनाशक ‘मित्रकीटकांना सुरक्षित’ म्हणून खपते. प्रौढ भुंगेरा त्याने लगेच मरत नाही हे खरे, पण त्याच्या अळ्यांची कात नीट पडत नाही, म्हणजे पुढची पिढीच थांबते. प्रादुर्भाव फार असेल तर आधी जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने किंवा फिश ऑइल रोझिन सोपने (माशाच्या तेलाच्या साबणाने) तेवढीच झाडे धुऊन घ्या. साबण वाळल्यावर भुंगेऱ्याला त्रास देत नाही.

तिसरी, हवामान. १६ अंशांखाली आणि ३३ अंशांवर भुंगेरा सुस्तावतो. जालन्यात किंवा अमरावतीत मे महिन्यात सोडलेले भुंगेरे म्हणजे पाण्यात गेलेले पैसे. आंबिया बहाराच्या (जानेवारी-फेब्रुवारीत फुलणाऱ्या) फळांसाठी पावसाने हवा गार झाल्यावर, जून अखेर ते जुलै, ही वेळ बरी.

सोडताना वाढलेल्या झाडाला १० भुंगेरे धरा. सगळ्या बागेत सारखे वाटत बसू नका. ज्या झाडांवर कापसी पुंजके दिसतात तिथे आधी, कारण भुंगेऱ्याची मादी आपली अंडी त्या पुंजक्यांतच घालते. पुंजके नसतील तर भुंगेरे उडून जातात. संध्याकाळी, वारा पडल्यावर, डबी प्रादुर्भाव असलेल्या फांदीशी धरून उघडा. डबी गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून आणली असेल, तर निम्मे भुंगेरे वाटेतच मेलेले निघतील.

यानंतरची चूक सगळ्यात महागात पडते. १०-१५ दिवसांनी झाडावर पांढऱ्या, झालरी लोंबणाऱ्या मोठ्या किडी दिसतात आणि ‘ढेकूण वाढला’ म्हणून फवारणी होते. त्या भुंगेऱ्याच्या अळ्या असतात. ओळख सोपी आहे: मेणाचे धागे लांब आणि विस्कटलेले, पूर्ण वाढलेली अळी ढेकणाच्या दुप्पट-तिप्पट मोठी, आणि काडीने डिवचली की झपझप चालते. ढेकूण जागचा फारसा हलत नाही. प्रौढ भुंगेरा चारेक मिलिमीटरचा, पंख काळपट, डोक्याकडचा भाग आणि मागचे टोक नारिंगी.

भुंगेरा गर्दीतला शिकारी आहे. कीड विरळ झाली की तो निघून जातो. उरलेल्या ढेकणांना लेप्टोमॅस्टिक्स डॅक्टिलोपी ही पिवळसर तपकिरी, तीनेक मिलिमीटरची गांधीलमाशीच्या कुळातली, ढेकणाच्या अंगात अंडी घालणारी परोपजीवी माशी शोधून काढते. १९८३ मध्ये त्रिनिदादहून ती भारतात आणली गेली. तपकिरी, फुगीर, पिंपासारखे झालेले ढेकूण दिसले तर ते तिचे काम, अशा फांद्या छाटून जाळू नका.

पावसाळी दमट हवेत व्हर्टिसिलियम लेकॅनी ही किडीला रोग लावणारी बुरशी लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी फवारता येते. पण त्याच आठवड्यात ताम्रयुक्त बुरशीनाशक मारले, तर विकत आणलेली बुरशी आपल्याच हाताने मारल्यासारखे होते.

भुंगेरे घरी वाढवायचे असतील तर लाल भोपळा घ्या: पिकलेला, खाचांचा, देठासकट, दोनेक किलोचा. धुऊन कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाच्या द्रावणात (लिटरला १ ग्रॅम) बुडवा, सुकवा, जखमांवर वितळलेले मेण लावा. चुंबळीवर ठेवा, म्हणजे खालून कुजत नाही. त्यावर ढेकणाचे अंडीपुंज ठेवा. १५ ते २० दिवसांत भोपळा पांढरा झाला, की जाळीच्या पेटीत त्यावर १०० भुंगेरे २४ तास सोडून काढून घ्या. साधारण महिन्याने नवे भुंगेरे निघू लागतात, एका भोपळ्यावर दीडशेच्या वर मिळतात. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. ढेकूण वाढवायची खोली आणि भुंगेऱ्यांची खोली वेगळी ठेवा, कारण चुकून शिरलेले दोन-चार भुंगेरे पुढच्या खेपेच्या भोपळ्यांवरचे ढेकूण फस्त करतात. ढेकूण कमी पडले तर अळ्या एकमेकींना खातात, म्हणून भोपळा पुरता पांढरा होण्याआधी भुंगेरे सोडण्याची घाई करू नका.