घराचा कार्बन-हिशेब: वीजबिलापासून एसीच्या गॅसपर्यंत

उन्हाने तापलेली जमीन ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात पुन्हा आकाशाकडे सोडते. वाटेत कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि पाण्याची वाफ त्यातला बराच भाग शोषून खाली परत पाठवतात. हे वायू नसते तर पृथ्वी गोठली असती, त्यामुळे प्रश्न आहे तो प्रमाणाचा. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे २८० भाग होता, आज तो ४२० च्या वर गेला आहे. पुण्यात पाषाणला असलेल्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०२० मध्ये निघालेला अहवाल सांगतो की १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं. हवा एक अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरते, म्हणून मुसळधार पाऊस आणखी जोरात कोसळतो. असा पाऊस अरुंद झालेल्या ओढ्यात उतरला की काय होतं, ते सप्टेंबर २०१९ मध्ये पुण्यातल्या आंबिल ओढ्याच्या पुरात दिसलं.

आपल्या घराचा वाटा किती, हे अर्ध्या तासात काढता येतं. वर्षभराची वीजबिलं घ्या आणि युनिटांना ०.७ ने गुणा. आपली वीज मुख्यतः कोळशाची असल्याने एका युनिटमागे साधारण तेवढे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. १४.२ किलोच्या सिलिंडरमागे ४२ किलो धरा, पाइपच्या गॅसच्या एका घनमीटरमागे २ किलो, पेट्रोलच्या लिटरमागे २.३ आणि डिझेलच्या लिटरमागे २.७ किलो. पाऊण किलोच्या लिटरभर पेट्रोलमधून सव्वादोन किलो वायू निघतो, कारण जळताना त्यातला कार्बन हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. महिन्याला २०० युनिट, एक सिलिंडर आणि २० लिटर पेट्रोल वापरणाऱ्या घराचा आकडा २२८ किलो येतो, म्हणजे वर्षाला सुमारे पावणेतीन टन.

या हिशेबात न दिसणारी, पण फार जड अशी एक गोष्ट आहे: एसीतला गॅस. आर-३२ गॅसचा एक किलो हवेत सुटला तर शंभर वर्षांच्या मोजमापात तो ६७५ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. जुन्या एसीतला आर-२२ तर सुमारे १८०० किलोइतकी. दीड टनाच्या एसीतला ८०० ग्रॅम आर-३२ गळून गेला, तर ७७० युनिट वीज जाळल्यासारखंच झालं. म्हणून ‘दर उन्हाळ्यात गॅस भरून घ्या’ हा सल्ला ऐकू नका. एसीची नळी बंदिस्त असते, गॅस वापरून संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे, आणि बहुतेक वेळा ती तांब्याच्या नळीच्या फ्लेअर जोडावर (नळीचं तोंड पसरवून नटाने आवळलेल्या जोडावर) असते. तंत्रज्ञाला आधी नायट्रोजनचा दाब देऊन साबणाच्या पाण्याने जोड तपासायला सांगा. गळती बंद केल्यावर व्हॅक्यूम पंपाने नळी रिकामी करून घ्या. हवा आणि ओल आत राहिली तर थंडावा घटतो आणि कॉम्प्रेसर लवकर जातो. मग बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर लिहिलेत तेवढेच ग्रॅम वजन करून भरून घ्या. घर बदलताना एसी काढायचा असेल तर ‘पंप डाउन’ करायला लावा: एसी चालू ठेवून आधी बारीक नळीची झडप बंद करायची, गॅस बाहेरच्या युनिटमध्ये गोळा झाला की जाड नळीची झडप बंद करून एसी लगेच थांबवायचा. ही काही मिनिटं वाचवायला कोणी गॅस सरळ हवेत सोडत असेल तर तिथेच अडवा. वापरताना तापमान एक अंशाने वाढवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. २६ अंश आणि मंद पंखा एवढं पुण्याच्या उन्हाळ्याला पुरतं.

पंखा जुना असेल तर ७५ वॉट खातो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा) पंखा ३० च्या आसपास. रोज १२ तास, वर्षातले नऊ महिने चालणाऱ्या एका पंख्यामागे सुमारे १४५ युनिट, म्हणजे १०० किलो वाचतात. तो बसवताना भिंतीवरचा जुना रेग्युलेटर मात्र काढून टाका, नाहीतर आतलं सर्किट जळू शकतं.

इंडक्शन शेगडीबद्दल स्पष्ट सांगायला हवं. कोळशाच्या विजेवर चालणारी इंडक्शन आज गॅसपेक्षा कमी कार्बन सोडत नाही, उलट साधारण दुप्पट सोडते. छतावर सोलर असेल तरच तिचा फायदा. तोपर्यंत डाळ-तांदूळ भिजवून कुकरमध्ये शिजवणं अधिक उपयोगी. स्कूटरचं तसं नाही. पेट्रोलची स्कूटर किलोमीटरला ५० ग्रॅमच्या आसपास सोडते, विजेची आजच्या विजेवरही त्याच्या निम्मं. एकट्याने चालवलेली पेट्रोल कार दीडशे ग्रॅम. वनाझहून रामवाडीला जायचं असेल तर मेट्रो आहेच.

ओला कचरा डेपोत ढिगाखाली दबला की हवेविना कुजतो आणि मिथेन तयार होतो. हा वायू शंभर वर्षांत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट, तर पहिल्या वीस वर्षांत ८० पटीहून अधिक तापवतो. घरी खत करायला २० लिटरची झाकणाची बादली पुरते. तळाला आणि बाजूंना भोकं पाडा, विटांवर ठेवा, तळाशी चार बोटं वाळका पाला घाला. रोजच्या एका वाटी कचऱ्यावर किमान एक वाटी चुरलेला पाला, आणि सुरुवातीला मूठभर जुनं खत किंवा आंबट ताक. आठवड्यातून दोनदा खालीवर करा. आंबूस वास आला तर ओल जास्त आणि हवा कमी झाली आहे: पाला वाढवा. अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचराच खातात. वर पाल्याचा जाड थर द्या. काहीच होत नसेल तर मिश्रण कोरडं आहे, पाणी शिंपडा. दोनेक महिन्यांत मातीचा वास येऊ लागतो. पाला हवा असेल तर जानेवारी ते मार्चमध्ये सोसायटीत झाडून जाळला जातो तोच पोत्यांत भरून ठेवा.

सोसायटीत मात्र खताचं यंत्र घेताना सावध राहा. चोवीस तासांत ‘खत’ देणारी यंत्रं कचरा तापवून फक्त वाळवतात. ती भुकटी ओली झाली की पुन्हा कुजू लागते आणि झाडांची मुळं जाळते. ती पाल्यात मिसळून आणखी काही आठवडे मुरू द्या.

सगळ्यांत मोठी घट छतावरच्या सोलरने होते. पुण्यात एक किलोवॉट पॅनेल वर्षाच्या सरासरीने रोज ४ युनिट देतं, म्हणजे वर्षाला सुमारे एक टन कार्बन डायऑक्साइड वाचतो. जागा लागते किलोवॉटला साधारण १०० चौरस फूट. तोंड दक्षिणेला, कल १८ अंशांच्या आसपास. टाकीची किंवा लिफ्टच्या खोलीची सावली एका पॅनेलवर पडली तरी त्या रांगेतल्या बाकीच्या पॅनेलांचं उत्पादनही घटू शकतं, म्हणून डिसेंबरातल्या लांब सावल्या बघूनच जागा ठरवा. फेब्रुवारी ते मे दर पंधरवड्याला पहाटे धुवा. तापलेल्या काचेवर गार पाणी नको. महावितरणचा नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा) घ्या आणि रहिवाशांना आधीच सांगा की बॅटरी नसलेला सोलर वीज गेली की बंदच पडतो, कारण लाइनवर काम करणाऱ्याला धक्का बसू नये. पीएम सूर्यघर योजनेत घराला २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटमागे ३०,००० रुपये आणि ३ किलोवॉट किंवा जास्त असेल तर एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. लिफ्ट, पंप, जिन्याचे दिवे यांसाठी सोसायटीला किलोवॉटमागे १८,००० रुपये.

वर्षभराने पुन्हा हिशेब कराल तेव्हा एप्रिल गेल्या एप्रिलशी आणि डिसेंबर गेल्या डिसेंबरशीच ताडून पाहा. नेट मीटरच्या बिलात ग्रिडमधून (महावितरणच्या वीजजाळ्यातून) घेतलेले आणि ग्रिडला दिलेले युनिट वेगळे छापलेले असतात. हिशेबात घेतलेल्यांतून दिलेले वजा करून उरलेल्यांनाच ०.७ ने गुणा.