बेटावर पीच आणि नेक्टरीन लावताना

बेटावर आधी हिवाळा तपासायचा, जमीन नंतर. समुद्रामुळे थंडी सौम्य राहते आणि पीचच्या नेहमीच्या जातींना ७ अंश सेल्सिअसखालचे ६०० ते १,००० तास लागतात. ते मिळाले नाहीत तर फुले तुरळक, मागेपुढे उमलतात आणि पालवी रखडते. मागच्या दोन-तीन हिवाळ्यांचे तास काढा. कमी भरले तर ‘फ्लोर्डाप्रिन्स’सारखी दीडशेक तासांवर भागणारी जात घ्या. थंड बेटावर मात्र हीच जात लवकर फुलून गोठलेल्या दवात जळते.

नेक्टरीन म्हणजे बिनलवीचा पीच, प्रजात एकच. पण लव नसल्याने वाऱ्यात फांदी घासली की साल खरचटते आणि तिथूनच फळ सडते. पहिले झाड पीचचेच लावा.

वाऱ्याच्या बाजूला भिंत नको, वारा तिच्यावरून उडी मारून पलीकडे भोवरे करतो. निम्मा वारा गाळून सोडणारे कुंपण किंवा जाळी बरी.

बेटावर बरीच झाडे मरतात ती मिठाने. मातीची क्षारता १.७ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली की उत्पादन घटू लागते. विहिरीचे पाणी उन्हाळ्याच्या शेवटी मोजा. पावसाळ्यानंतर गोड लागणारे पाणी तेव्हा मचूळ झालेले असते. पानांचे शेंडे आणि कडा तपकिरी पडल्या तर ते मीठ. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडला तर चुनखडी. चुनखडीत जीएफ ६७७ या पीच-बदाम संकरित खुंटावरचे कलम टिकते, पण सूत्रकृमी (मुळांना गाठी आणणारे सूक्ष्म किडे) असलेल्या रेताड जमिनीत ते चालत नाही, तिथे नेमागार्ड हा खुंट घ्या. खारे वादळ येऊन गेले की त्याच दिवशी पाने गोड्या पाण्याने धुवा.

झाडांत ४ मीटर अंतर ठेवा. पाणी साचत असेल तर ४० सेंटिमीटर उंच वरंबा करा, कलमाचा सांधा मातीच्या वर राहू द्या आणि शेंडा ७० सेंटिमीटरवर छाटा. पुढे तीन-चार फांद्या वाटीसारख्या पसरू द्या.

फळ गेल्या वर्षीच्या फुटीवरच येते. ती फूट जवळून पाहा: पेरावर तीन डोळे दिसतात, मधला बारीक टोकदार पानाचा, बाजूचे दोन गुबगुबीत फुलांचे. एकदा फळलेले लाकूड दरवर्षी काढून नवी फूट राखावी लागते. छाटणी कोरड्या दिवशी करा.

फुलोऱ्यात धुके किंवा वारा असेल तर मधमाश्या फिरकत नाहीत. तेव्हा दुपारी मऊ कुंचला फुलाफुलांवरून फिरवा. बहुतेक जातींना दुसरे झाड लागत नाही. फळे सुपारीएवढी झाली की दोन फळांत १५ सेंटिमीटर राहतील अशी विरळणी करा. हात आखडला तर आठळीला नुसती साल चिकटल्यासारखी फळे मिळतात.

पाने लालसर, जाड होऊन मुरडली तर तो पाने मुरडणारा बुरशीचा रोग (लीफ कर्ल). तेव्हा फवारणी व्यर्थ. ताम्रयुक्त औषध पानगळीला आणि पुन्हा डोळे फुगण्याआधी मारायचे असते.

काढणीला लाली पाहू नका. देठाजवळचा हिरवा रंग पिवळा झाला की फळ तयार.