महालातल्या जुन्या घराच्या गच्चीवर बाग परत लावायची असेल तर

आमच्या नागपूरच्या महाल भागातल्या घराच्या गच्चीवर आजीची बाग होती, मोगरा, अबोली, कढीपत्ता, अन् मधोमध विटांचा एक मोठा वाफा. आजी गेल्यावर वर कोणी चढलंच नाही, कूलरची गंजलेली टाकी अन् मोडक्या खुर्च्या तेवढ्या जमा झाल्या. मागच्या हिवाळ्यात ती बाग परत उभी करायला घेतली, त्यात काय जमलं काय फसलं ते लिहितो, कारण इतवारी-महालात अशा गच्च्या लय आहेत अन् लोक सरळ नर्सरीत जाऊन कुंड्या उचलून आणतात.

नर्सरी सगळ्यात शेवटी, बाप्पा. आधी छत खालून बघा. सागवानी तुळया असतील तर मधे बघून काही कळत नाही, तुळईचं टोक भिंतीत जिथं घुसतं तिथं पेचकस टोचून बघायचा, कारण ओल तिथंच मुरते. आमच्या पाचपैकी चार तुळया टणक होत्या, पाचवीत पेचकस मुठीपर्यंत गेला, बाहेर काढला तर वाळवीची माती सोबत आली. वरून रंग एकदम झकास बरं का. लोखंडी गर्डर असेल तर गंजाचे पापुद्रे सुटताहेत का ते बघा. अन् एकदा स्ट्रक्चरल इंजिनिअरला आणाच, फी जाते पण रात्री झोप लागते. घर हेरिटेजच्या यादीत असेल तर कामाला हात लावायच्या आधी महापालिकेची परवानगी, त्यात शॉर्टकट नको.

आता वजन. ओली माती एक फूट खोल भरली तर चौरस फुटाला 45 ते 50 किलो होतात. आजीचा वाफा 4 बाय 8 चा, म्हणजे पावसाळ्यात साधारण दीड टन, तेही छताच्या ऐन मधोमध! अन् आयएस 875 मधे, म्हणजे इमारतीवरच्या भाराच्या भारतीय मानकात, लोकांची ये-जा असलेल्या गच्चीसाठी चौरस मीटरला 150 किलो धरतात, फुटाच्या हिशेबात 14 च्या आसपास, ते पण आताच्या बांधकामांसाठी, आपलं छत तर पणजोबांच्या वयाचं. म्हणून तो वाफा फोडला, जीवावर आलं पण फोडला. आता सगळं वजन भिंतींच्या रेषेवर ठेवतो, मधली जागा मोकळी. कठड्यावर कुंडी ठेवायचीच नाही, मृगाच्या आधीचं वादळ आलं की ती खाली रस्त्यावर.

मग पिंपळ. पाखरं बी टाकतात, कठड्याच्या फटीत रोप उगवतं अन् आपण दरवर्षी वरून छाटून खुश होतो, इकडे मूळ आत जाड होत राहतं. आमचं करंगळीएवढं दिसणारं रोप काढायला चार विटा सोडवाव्या लागल्या, आत मूळ मनगटाएवढं होतं. ते पूर्ण काढूनच विटा परत चुन्यात बसवा, नुसतं उपटाल तर पुढच्या पावसात हजर.

गळतीच्या बाबतीत माझा पक्का राग आहे तो सिमेंटवर. आमच्याकडे आधी एका ठेकेदारानं चुन्याच्या कोब्यावर, म्हणजे चुना-विटा कुटून केलेल्या गच्चीच्या थरावर, सिमेंटचा थर मारून दिला होता, दोन उन्हाळ्यांत तो तडकला, कारण चुना अन् सिमेंट उन्हात सारखे हलत नाहीत, अन् फटीतून गेलेलं पाणी सिमेंटखाली अडकून बसलं, सुकायला वाटच नाही. ते सगळं खरवडून काढलं. जिथं कोबा थापटल्यावर पोकळ वाजतो तेवढाच उकरायचा, पाण्यानं भिजवायचा, विझवून निदान 15 दिवस मुरवलेला चुना, सुरखी (विटांची भुकटी) अन् विटांचे तुकडे घालून लाकडी थापीनं कुटायचा. कुटायचा म्हणजे खरंच कुटायचा, दोन माणसं दिवसभर. वरून ओली पोती दोन आठवडे. शेवटी गरम साबणाच्या पाण्याचा एक हात, सुकला की तुरटीच्या पाण्याचा, असं दोन-तीनदा, त्यानं बारीक छिद्रं बुजतात. जुना उपाय आहे, स्वस्त आहे. हे काम दिवाळी ते फेब्रुवारीतच उरका, आपल्याकडे एप्रिल-मे मधे पारा 45 च्या वर जातो, चुना मुरायच्या आधीच वाळून भुगा होतो.

पन्हाळं साफ करा, तोंडावर जाळी लावा, गच्चीवर गोटी सोडून बघा ती पन्हाळाकडे जाते का. थांबली तर तिथं डबकं होणार.

माती भरताना काळी माती नको म्हणजे नको, ओली झाली की फुगते, जड होते, उन्हात भेगा. एक भाग साधी बागेची माती, एक कोकोपीट, एक कुजलेलं शेणखत, बस. पिशव्या किंवा प्लॅस्टिकचे क्रेट वापरा, खाली विटांवर तीन-चार इंच उचलून, म्हणजे हवा खेळते अन् खालची ओल दिसते. आंबा, पेरू, लिंबू सोडा, अन् नागपूरकर आहोत म्हणून गच्चीवर संत्र्याचं झाड, हा हट्ट पण सोडा. मोगरा, सदाफुली, गवती चहा, कोरफड, चिनी गुलाब, पावसाळ्यात अंबाडी-चवळी, एवढं मस्त जगतं. मार्च लागला की 50 टक्के ऊन अडवणारी हिरवी जाळी ताणा, पाणी पहाटे. कूलरचं उरलेलं पाणी झाडांना घालू नका, त्यात क्षार साचलेले असतात, माझा आख्खा पुदिना त्यातच गेला.

अन् एक राहिलंच. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, मारबत (मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक) निघते तेव्हा आमच्या गल्लीतला प्रत्येक नातेवाईक गच्चीवर हजर असतो, तेव्हा नेमकी माती पण ओलीच असते. त्या दिवशी मी रस्त्याकडच्या कठड्याजवळचे क्रेट आदल्या रात्रीच मागच्या भिंतीला सरकवतो, अन् जिन्यात काकाला बसवतो, पंधरा माणसं वर गेली की पुढचा खालीच थांबतो, मग तो जावई असला तरी.