परदेशी साइटवर क्रेडिट कार्डाने पैसे भरताना खरा खर्च कसा काढावा

बँकेच्या अॅपमध्ये जाऊन कार्डावरचे आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार सुरू करा, मर्यादा खरेदीपुरतीच ठेवा आणि काम झालं की बंद करा. परदेशी दुकान ओटीपी मागेलच असं नाही. कार्ड नंबर, मुदत आणि सीव्हीव्ही एवढ्यावर पैसे जाऊ शकतात.

मग कार्डाचा मार्कअप बघा, म्हणजे परदेशी चलनातल्या खरेदीवर बँक वरून लावते ती टक्केवारी. बँकेच्या साइटवर एमआयटीसी (कार्डाच्या महत्त्वाच्या अटी) नावाची पीडीएफ असते, तीत 'फॉरिन करन्सी मार्कअप' ही ओळ शोधा. बहुतेक साध्या कार्डांवर ३.५ टक्के, वरच्या दर्जाच्या कार्डांवर २ टक्क्यांच्या आसपास आणि मोजक्या कार्डांवर शून्य. या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी लागतो. पूर्ण रकमेवर नाही, फक्त मार्कअपवर. म्हणजे ३.५ चे प्रत्यक्षात ४.१३ टक्के होतात आणि २ चे २.३६.

हिशोबासाठी डॉलर ८५ रुपयांना धरू. १०० डॉलरच्या वस्तूचे ८,५०० रुपये, मार्कअप २९७.५०, त्यावर जीएसटी ५३.५५, एकूण ८,८५१.०५. गूगलवर दिसणारा दर इथे वापरू नका. व्हिसा आणि मास्टरकार्ड आपापला दर आपल्या साइटवर देतात, तुमच्या कार्डाचा असेल तोच घ्या.

इथपर्यंत सोपं आहे. पैसे जातात ते पुढच्या पायरीवर.

पेमेंटच्या शेवटच्या पानावर विचारलं जातं: डॉलरमध्ये भरायचे की रुपयांत? रुपयांचा पर्याय बऱ्याचदा आधीच निवडलेला असतो आणि शेजारी 'दर निश्चित' असं काहीतरी लिहिलेलं असतं. याला डायनॅमिक करन्सी कन्व्हर्जन म्हणतात, थोडक्यात डीसीसी. यात रूपांतर व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराने होत नाही. दुकान किंवा त्याची पेमेंट कंपनी स्वतःच्या दराने करते आणि त्या दरातच आपला नफा चढवते. 'रुपयांत भरा, म्हणजे फॉरेक्स फी वाचते' हा सल्ला जिकडेतिकडे वाचायला मिळतो. तो चुकीचा आहे. दुकानाने दरात ५ टक्के चढवले असं धरा. १०० डॉलरचे ८,९२५ रुपये झाले. शिवाय दुकान भारताबाहेरचं असल्यामुळे रुपयांतल्या व्यवहारावरही बऱ्याच बँका १ टक्का फी लावतात: ८९.२५, अधिक जीएसटी १६.०७. एकूण ९,०३०.३२. साध्या ३.५ टक्क्यांच्या कार्डावरसुद्धा सुमारे १७९ रुपये जास्त गेले. शून्य मार्कअपचं कार्ड घेऊन रुपयांत भरणाऱ्याचं तर कार्ड घेणंच वाया.

पण रुपये दिसले की डीसीसीच, असंही नाही. तीन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका. काही साइट रुपयांचा आकडा फक्त अंदाजासाठी दाखवतात आणि वसुली डॉलरमध्येच करतात. काहींची भारतासाठी वेगळी किंमत ठरलेली असते. सॉफ्टवेअर आणि ऑनलाइन सेवांमध्ये ती डॉलरच्या किमतीपेक्षा कमी असू शकते. तिथे रुपयांतच भरा, वर १ टक्का आणि जीएसटी धरून १.१८ टक्के गेले तरी फायदा आहे. तिसरा प्रकार डीसीसीचा. त्याची खूण एकच: पानावर दोन चलनांत रक्कम आणि मध्ये विनिमय दर. तो दर व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या दराशी ताडून बघा, फरक लगेच दिसतो. दुकानाचं मूळ चलन निवडा. पेपलने भरत असाल तर तिथेही चलनाचा पर्याय उघडून रूपांतर पेपलऐवजी कार्ड कंपनीकडे सोपवा. हा पर्याय बारीक अक्षरांत असतो, तो शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ओटीपी आला तर टाकण्याआधी तो मेसेज पूर्ण वाचा. रकमेच्या आधी चलन लिहिलेलं असतं. तुम्ही डॉलर निवडलेत आणि मेसेजमध्ये रुपये आले, तर ओटीपी टाकू नका, मागे जा. आणि पेमेंटच्या पानाचा स्क्रीनशॉट घेऊन ठेवा.

परदेशी सॉफ्टवेअर किंवा सबस्क्रिप्शनच्या बिलात विक्रेत्याने १८ टक्के जीएसटी लावलेला दिसेल. तो सेवेवरचा कर आहे. मार्कअपवरच्या जीएसटीशी त्याचा संबंध नाही, दोन्ही भरावे लागतात. वस्तू मागवली असेल तर सीमाशुल्क वेगळं. ते कार्डाच्या बिलात येत नाही, बहुधा कुरिअर किंवा पोस्ट वसूल करतं.

स्टेटमेंट आलं की ताडून बघा. दर खरेदीच्या क्षणाचा नसतो, व्यवहार प्रत्यक्ष प्रोसेस होतो त्या दिवसाचा असतो, त्यामुळे थोडा फरक पडणारच. काही बँका मार्कअप वेगळ्या ओळीत दाखवतात, काही रकमेतच मिसळतात.

वस्तू परत केली तर डॉलर पूर्ण येतात, रुपये नाही. परतावा त्या दिवशीच्या दराने होतो आणि मार्कअप बहुतेक बँका परत देत नाहीत. दोन साइझ मागवून एक परत करायची सवय परदेशी साइटवर महाग पडते.

वर्षभर परदेशी खरेदी चालूच असेल तर शून्य मार्कअपच्या कार्डाचा विचार करा, पण आधी गणित मांडा. वार्षिक फी ५,००० असेल तर जीएसटी धरून ५,९०० रुपये. ४.१३ टक्क्यांच्या बचतीतून ते भरून निघायला वर्षाला सुमारे १ लाख ४३ हजारांची परदेशी खरेदी लागते. त्याहून कमी असेल तर हे कार्ड घेऊ नका, विकणारा काहीही सांगो.

तुम्ही मूळ चलन निवडूनही रुपयांत वसुली झाली तर आधी दुकानाकडे आणि लगेच बँकेकडे लेखी तक्रार करा, सोबत तो स्क्रीनशॉट जोडा. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार नोंदवता येते. त्याला फी नाही.