पुण्याच्या थंडीत दही लावायचं कसं (माझ्यासारखं सेन्सरचं वेड असेल तर)

डिसेंबर आला की आमच्याकडे दह्याची बोंब. शिवाजीनगरचा पारा १० च्या खाली गेला की सकाळी ओट्यावरच्या पातेल्यात दही नसतंच, नुसतं आंबूस वासाचं दूध, आणि मग सगळं खापर विरजणावर. मी तीन घरांतून विरजण आणून बघितलं, फरक शून्य. शेवटी म्हटलं मोजूनच बघू ना रात्री त्या पातेल्यात होतं काय.

मोजायला डीएस१८बी२० नावाचा तापमानाचा सेन्सर घ्या, स्टीलच्या टोपीतला, वॉटरप्रूफ. सोबत ईएसपी३२ बोर्ड (सेन्सरचे आकडे वाचणारा छोटासा कॉम्प्युटरच म्हणा) आणि ४.७ किलोओमचा एक रेझिस्टर. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, चक्कर मारा (गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंग शोधण्यात दूध नासेल). लाल वायर ३.३ व्होल्टला, काळी ग्राउंडला, पिवळी बोर्डाच्या एका जीपीआयओ पिनला (३४ ते ३९ सोडून, त्या फक्त इनपुटच्या), आणि रेझिस्टर लाल-पिवळीच्या मध्ये. हा रेझिस्टर विसरलात की रीडिंग येतच नाही, मी अख्खा रविवार घालवलाय त्यात. आर्डुइनोमध्ये (बोर्डावर प्रोग्राम चढवायचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर) डॅलस टेम्परेचरची लायब्ररी टाकली की तयार उदाहरण मिळतं, त्यात तुमच्या पिनचा नंबर घालून तेच चढवा, दर पाच मिनिटांनी आकडा लिहायला सांगा. स्क्रीनवर -१२७ दिसलं तर वायर सुटलीय. अचानक ८५ दिसलं तर दही उकळत नाहीये, चालू झाल्या झाल्या सेन्सर तोच आकडा देतो, घाबरू नका.

पहिल्याच रात्री चोर सापडला. साडेदहाला ४३ अंशांवर लावलेलं दूध दोन वाजता २५ वर! विरजणातल्या जिवाणूंना साधारण ४० ते ४५ मध्ये मजा येते, २५ वर बिचारे पेंगतात. म्हणजे विरजण निर्दोष, पातेलं गार पडत होतं.

आता दही. अर्धा लिटर फुल क्रीम दूध चांगलं उकळा आणि उकळी आल्यावर मंद आचेवर पाच-सात मिनिटं ठेवा, त्याने दुधातली प्रथिनं उलगडतात आणि दही घट्ट बसतं, ही पायरी टाळू नका. मग ४४ पर्यंत निवू द्या. ५० च्या वर विरजण घातलं तर ते मरगळतं. आमची आई करंगळी बुडवून बघते, चटका नाही पण ऊब लागली की झालं म्हणते. मी एकदा तिच्या पाठीमागून मोजलं, बरोब्बर ४४. त्यानंतर दोन दिवस मी सेन्सरचं नाव काढलं नाही.

एक छोटा चमचा ताजं विरजण वाटीत थोड्या दुधात फेटून घ्या, मग सगळ्या दुधात मिसळा. जास्त घातलं की लवकर लागेल असं वाटतं, पण आंबट होतं फक्त.

खरी युक्ती पुढे आहे. पोळ्यांचा मोठा कॅसरोल घ्या, त्यात दह्याचं झाकणवालं भांडं ठेवा आणि बाजूने ४५ अंशांचं पाणी ओता, भांड्यातल्या दुधाच्या उंचीपर्यंत. सेन्सर या पाण्यात सोडायचा, दुधात नाही, त्या स्वस्तातल्या टोपीचं स्टील कुठलं ते देव जाणे. वायर कडेने काढा, कॅसरोलचं झाकण लावा, वरून जुना टॉवेल गुंडाळा आणि हलवू नका, उघडून तर अजिबात बघू नका. माझ्याकडे पहाटे चारला पाणी ३७ वर होतं आणि सहा तासांत सुरीने कापावं असं दही.

वायफायच्या राउटरवर पातेलं ठेवायची आयडिया मलाही आली होती, तो गरम असतोच की. नका करू. त्याची हवा कोंडते, आणि दूध सांडलं तर दही नाही आणि नेटही नाही.

लागलं की लगेच फ्रिजमध्ये, नाहीतर आंबत राहतं. तार सुटायला लागली तर मात्र विरजण बदला, तिथे सेन्सर काही करू शकत नाही.

आणि खायला बसायच्या आधी दोन चमचे वाटीत काढून ठेवा. आमच्याकडे हे दर रविवारी विसरतं, आणि मग मी वाटी घेऊन शेजारच्या काकूंच्या दारात.