दारू सोडायला सोलापुरात ग्रुप शोधताय? या चुका टाळा

दादासाठी ग्रुप, म्हणजे दारू सोडू पाहणारी माणसं एकत्र बसून बोलतात ती मीटिंग, शोधायला निघालो तेव्हा वाटलं होतं, पत्ता मिळाला की काम झालं. पत्ता मिळाला, कागदावर लिहून त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला. तो कागद शर्टाबरोबर धुतला गेला, आणि दादा मीटिंगला पोहोचायला पुढे सात महिने लागले. ते महिने कशात गेले ते सांगतो; तुमचे तरी वाचावेत.

जिवावर बेतणारी चूक आधी. सकाळी उठल्या उठल्या ज्याला लागते, नाही मिळाली तर ज्याचे हात थरथरतात, अशा माणसाला "आजपासून बंद, संध्याकाळी ग्रुपला चल" असं म्हणू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम होऊ शकतो: भिंतीवर किडे दिसतात, नसलेल्या माणसांशी बोलणं चालू होतं, घाम, ताप. आमच्याकडे हे झालं तेव्हा बाहेरचं लागलं म्हणून घरच्यांनी उतारा टाकला आणि एक रात्र गेली. या अवस्थेत माणूस दगावू शकतो. असं काही दिसलं तर लगेच १०८. आणि मुळात सोडायचं ठरवतानाच मानसोपचार डॉक्टरांना भेटा. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये हा विभाग आहे. ग्रुप हा उपचारानंतरचा, आणि उपचारासोबतचाही आधार आहे. उपचाराची जागा तो घेत नाही.

भाजीत गुपचूप कालवायची औषधं कुणी सुचवली तर हात लावू नका. डायसल्फिरामसारखं औषध नकळत दिलं आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो.

दुसरा गोंधळ व्यसनमुक्ती केंद्र आणि ग्रुप यांत होतो. केंद्रात भरती करतात, त्याचे बहुधा पैसे लागतात. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, हे १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर अशा दोन पिणाऱ्यांनी सुरू केलेलं काम आहे. इथे फी नाही. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा. मीटिंगमध्ये डबा फिरतो, त्यात सभासद ऐपतीप्रमाणे पैसे टाकतात, न टाकले तरी चालतं. प्रवेश फी मागितली तर तो एएचा ग्रुप नाही, एवढं समजून घ्या.

मोबाइलच्या नकाशावर जागा दिसली म्हणून तडक जाऊ नका. मीटिंगची खोली बदलते, वार बदलतो. मी एकदा बंद दारासमोर अर्धा तास उभा होतो, आणि दादा सोबत असता तर तो परत कधी आला नसता. आधी एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर किंवा हेल्पलाइनवर चौकशी करा. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय टोल फ्री नंबर आहे, १४४१६ वर मानसिक आरोग्याबद्दल मराठीतून बोलता येतं. विचारायचं हे: वार, वेळ, मीटिंग खुली (घरचेही येऊ शकतात अशी) की बंद (फक्त पिणाऱ्यांची), आणि बोलतात कुठल्या भाषेत. शेवटचा प्रश्न आपल्या गावात फार मोलाचा. पूर्व भागातल्या ज्या माणसाचं घरचं बोलणं तेलुगू, त्याला मराठीत हिशेब सांगता येतो, पण बायकोवर हात उचलल्याचं सांगता येत नाही. कन्नड बोलणाऱ्याचंही तसंच. मनासारखी भाषा मिळाली नाही तर ऑनलाइन मीटिंग शोधा. बार्शी, मंगळवेढ्यासारख्या ठिकाणाहून येणाऱ्यांनाही ती सोयीची. कामाच्या पाळीची वेळही बघा. रात्रपाळीच्या माणसाला रात्री आठची मीटिंग सांगून उपयोग नाही.

"ओळखीचं कोणी दिसलं तर?" हे दादाचं खरं कारण होतं, ते कळायला मला फार वेळ लागला. तिथे पूर्ण नाव सांगावं लागत नाही, ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही हा तिथला रिवाज. तरी भीती वाटत असेल तर घराजवळचा ग्रुप सोडून गावाच्या दुसऱ्या टोकाचा निवडा. आम्ही तेच केलं.

मग मी आणखी एक चूक केली. त्याच्याबरोबर आत जाऊन बसलो. माझ्यादेखत तो एक शब्द बोलला नाही. बंद मीटिंग फक्त पिणाऱ्यांची असते. खुल्या मीटिंगला घरचे जाऊ शकतात. घरच्यांसाठी अल-अनॉन हा वेगळा गट आहे. वहिनीला त्याची गरज दादाइतकीच होती, आणि आम्ही तिला कुणी विचारलंच नव्हतं.

दादाने माळही घातली होती. आषाढीपर्यंत टिकली. माळेचं बळ मोठं असतं, मी ते डोळ्यांनी पाहिलंय, पण तुटली तेव्हा लाजेने तो कुणाला सांगू शकला नाही आणि महिनाभर पीत राहिला. ग्रुपमध्ये घसरलेला माणूस सांगू शकतो. माळ आणि मीटिंग दोन्ही ठेवा.

पहिल्या दिवशी बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "हे लोक लई पुढे गेलेले आहेत की, मी तसा नाही." एका मीटिंगवरून ठरवू देऊ नका. पाच-सहा तरी होऊ द्या, नाही जमलं तर ग्रुप बदला. आणि निघताना एका जुन्या सभासदाचा नंबर त्याने स्वतः मागून घ्यावा. प्यावंसं वाटलं की पिण्याआधी करायचा फोन तो. दादाने पहिला फोन पगाराच्या संध्याकाळी केला, अशोक चौकात उभा राहून. समोरचा माणूस म्हणाला, "तिथंच थांब, येतो."