दुकानाच्या वेबसाइटला डॉट कॉम घ्यावं का डॉट इन?

वेबसाइट काढायची म्हणलं की नाव लगेच सुचतं, पुढची शेपटी कोणती लावायची तिथं गाडी अडते. लातूरच्या एका डाळमिलवाल्या मित्राचं बघताना आम्ही असं केलं:

१. गिऱ्हाईक सगळं भारतातलंच असंल तर सरळ डॉट इन घ्या, ते आपल्या देशाचंच आहे, गुगललाबी कळतं की धंदा इकडचा आहे. माल बाहेरदेशी जात असंल तर डॉट कॉम. डॉट को दिसायला कॉमसारखंच, पण ते कोलंबिया देशाचं आहे आणि लोक हमखास पुढं एम लावतात.

२. पैसे भरायच्या आधी नाव फोनवर कोणाला तरी सांगा आणि लिहून घ्यायला लावा. आम्ही मित्राच्या काकांना डॉट स्टोअर सांगितलं तर त्यांनी वहीत त्याच्यापुढं परत डॉट कॉम लिहिलं, तिथंच ते बाद केलं.

३. पहिल्या वर्षाची ऑफर बघू नका, रिन्यूअलचा रेट बघा, नव्या फॅन्सी शेपट्या दुसऱ्या वर्षी लई महाग पडतात.

एक मात्र सांभाळा, डोमेन, म्हणजे वेबसाइटचं हे शेपटीसकट नाव, स्वतःच्याच नावावर आणि स्वतःच्याच ईमेलवर घ्या, वेबसाइट बनवणाऱ्या पोराच्या नाही.